पुकारा होईपर्यंत

तालुका विधी सेवा समितीच्या टेबलावर मला जे विचारलं जातं, त्यात कायद्याचे प्रश्न थोडेच असतात. "बाई, ह्या कागदावर नाव माझंच हाय का बघा बरं." "साहेब आज बसायलेत का?" "आत जाताना चप्पल काढावी लागती का?" आणि एक प्रश्न बायका अगदी कानाशी येऊन विचारतात: "लघवीला जाऊन यावं म्हणलं, तेवढ्यात नाव पुकारलं तर?" पुकारा चुकला तर वॉरंट निघेल, ही धास्ती एवढी असते की पहाटेची एसटी धरून आलेली बाई दुपारच्या सुट्टीपर्यंत पाण्याचा घोट घेत नाही. तिला कुणीतरी सांगायला हवं असतं की मावशी, आज तुमचं काम बोर्डावर बरंच खाली आहे, दारातल्या शिपायाला सांगून खुशाल जाऊन या.

मी निवृत्त शिक्षिका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं प्रशिक्षण घेऊन विधी स्वयंसेवक झाले. कोर्टात आम्हाला सगळे पीएलव्ही म्हणतात. काळा कोट नाही, कुणाकडून फी घ्यायची नाही, गळ्यात ओळखपत्र आणि समोर अर्जांचे नमुने. बसलेल्या दिवसाचं थोडं मानधन मिळतं. बीड जिल्ह्यातल्या ज्या कोर्टात मी बसते तिथं येणारी बरीच माणसं आयुष्यात पहिल्यांदाच कोर्ट बघत असतात. ती फाटकातूनच ओळखू येतात. समन्स कॅरीबॅगेत, कॅरीबॅग पिशवीत, पिशवी छातीशी धरलेली, आणि समोरून जो येईल त्याला नमस्कार.

या माणसांसाठी कायद्यानं सोय पुष्कळ केली आहे. पण ती सोय आतल्या खोलीत बसून वाट बघते, आणि ज्याला तिची गरज आहे तो बाहेर लिंबाखाली उभा असतो. माझं सगळं म्हणणं या अंतराबद्दल आहे. त्यातही साक्षीला आलेल्या माणसाबद्दल, कारण त्याच्याकडं कुणाचंच नीट लक्ष जात नाही.

आधी सोयीबद्दल. १९७६ च्या घटनादुरुस्तीनं राज्यघटनेत गरिबांना मोफत विधी सहाय्य द्यावं असं सांगणारं कलम ३९-अ आलं, त्याला धरून १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला आणि ९ नोव्हेंबर १९९५ पासून तो लागू झाला. त्यातलं कलम १२ मला पाठ आहे, कारण ते रोज कुणाला ना कुणाला सांगावं लागतं. स्त्री असेल तर तिचं उत्पन्न विचारायचंच नाही, ती श्रीमंत असो की गरीब, तिला वकील मोफत. लहान मुलं, अनुसूचित जाती-जमातीची माणसं, अपंग, कोठडीत असलेले, कारखान्यातले कामगार यांनाही तसंच. बाकीच्यांना महाराष्ट्रात वर्षाला ३ लाखांची उत्पन्नाची अट. आपत्तीग्रस्तांच्या ओळीत तर 'दुष्काळ' आणि 'भूकंप' अशी दोन्ही नावं लिहिलेली आहेत. ती ओळ वाचताना मला दरवेळी वाटतं की ही आपल्या भागाकडं बघून लिहिली असावी. किल्लारी १९९३ ची. दुष्काळाचं साल सांगायची आपल्याकडं गरजच नाही.

मोफत म्हणजे नुसता वकील नव्हे. कोर्ट फी, समन्स काढण्याचा खर्च, टायपिंग, नकला हे सगळं त्यात येतं. शिवाय पोटगी, घटस्फोट, मालमत्तेचा वाद आणि अत्याचार या कामांत बायकांना कोर्ट फी १९९४ पासून राज्य सरकारनं माफच केलेली आहे. तरीही पोटगीच्या अर्जासाठी कानातलं मोडून आलेली बाई मी पाहिली आहे. सोबत तिचा भाऊ होता. मी मोफत वकिलाचं सांगितलं तर तो म्हणाला, "ताई, फुकटचा वकील म्हणजे नावालाच की."

त्याच्या शंकेत तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. पॅनेलवरचे वकील सगळे एका मापाचे नसतात. काही जण जीव ओतून काम करतात, एखादा तारखेलाच गायब असतो. पण हेही त्या भावाला सांगावं लागतं की नेमून दिलेला वकील पसंत नसेल तर अर्ज देऊन बदलून मागता येतो, आणि त्यानं पक्षकाराकडं एक रुपया जरी मागितला तरी प्राधिकरणाच्या सचिवांकडं थेट तक्रार करता येते. आरोपींसाठी तर आता जिल्ह्याच्या ठिकाणी लोकअभिरक्षक कार्यालयं आहेत. तिथले वकील पूर्णवेळ तेवढंच काम करतात. ज्याच्या घरचं कुणी अटकेत आहे त्यानं पहिल्याच दिवशी, रिमांडच्या वेळीच वकील मागावा. पहिल्या हजेरीपासून तो त्याचा हक्क आहे.

तारीख बघायला ई-सेवा केंद्र आहे. प्रत्येक खटल्याला सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक असतो. तो एकदा वहीत लिहून ठेवला की मोबाईलवरच्या ई-कोर्ट्स अ‍ॅपवर पुढची तारीख घरी बसून दिसते. पक्षकाराचा नंबर नोंदवलेला असेल तर मेसेजही येतो. कॉलेजात जाणारी पोरं हे पाच मिनिटांत शिकतात आणि आजोबांचा तारखेचा हेलपाटा वाचवतात.

साक्षीदाराला मात्र यातलं जवळजवळ काहीच लागू नाही. तो पक्षकार नाही, म्हणून त्याला मेसेज नाही. त्याचा स्वतःचा वकील नाही. सरकारी वकील सरकारचा, आरोपीचा वकील आरोपीचा. रस्त्यावर अपघात बघितला, शेजारच्या घरात आरडाओरडा ऐकला, पंच म्हणून सही केली, एवढंच त्याचं काम. मग चार-पाच वर्षांनी पोलीस समन्स घेऊन दारात येतो आणि घरात कालवा होतो की आपल्याच माणसानं काहीतरी केलंय. माझ्याकडं आलेले एक आजोबा समन्स दाखवून विचारत होते, "बाई, मला किती दिवसांची शिक्षा लागंल?" ते फिर्यादीचे साक्षीदार होते. चोरी बांधाशेजारच्या पाण्याच्या मोटारीची झाली होती आणि पंचनाम्यावर त्यांचा अंगठा होता.

मजुरी बुडवून आलेल्या अशा माणसाला येण्याजाण्याचा वाजवी खर्च सरकारकडून देण्याचा आदेश फौजदारी न्यायालय करू शकतं. दिवाणी दाव्यात ज्यानं साक्षीला बोलावलं त्यानं भत्ता आधी कोर्टात भरायचा असतो. पण हे मागितल्याशिवाय मिळत नाही आणि मागायचं असतं हे माहीत नसतं. साक्ष संपली की माणूस सुटलो म्हणत एसटी स्टँडकडं धावतो. शेवटची गाडी हुकली तर मुक्काम कुठं करणार? त्यामुळं भत्त्याचा विषय मी सकाळीच काढते, तिकीट जपून ठेवायला सांगते. अर्ध्या तिकिटामुळं आणि पंचाहत्तरीनंतरच्या मोफत प्रवासामुळं बायकांचा आणि म्हाताऱ्यांचा येण्याचा खर्च अलीकडं हलका झाला आहे, पण बुडालेल्या रोजाचं काय, हा प्रश्न राहतोच.

आता लहान साक्षीदारांबद्दल. एका सत्र न्यायालयात मी एका मुलीसोबत गेले होते. गाव, साल काही सांगत नाही. मुलगी शाळकरी, खटला बाल लैंगिक अत्याचाराचा. व्हरांड्यात भिंतीला लागून दोन बाकडी समोरासमोर. एकावर मुलगी आणि तिची आई. समोरच्या बाकड्यावर जामिनावर सुटलेला आरोपी आणि गावातली चार माणसं. कुणी एक शब्द बोललं नाही, कुणी बोट दाखवलं नाही. ती माणसं नुसती बसून होती आणि मुलीकडं बघत होती. आईनं पदर पसरून लेकीला आपल्या आड घेतलं, तरी मुलीचे पाय बाहेर दिसत होते आणि ते थरथरत होते. ही गोष्ट कुठल्याही कागदावर येत नाही. तासाभरानं ती मुलगी आत जाऊन गप्प राहिली असती तर साक्षीदार फितूर झाला एवढीच नोंद झाली असती.

मी पैरवीच्या, म्हणजे कोर्टातली पोलिसांची कामं बघणाऱ्या जमादारांना गाठलं. भला माणूस. त्यांनी सरकारी वकिलांच्या खोलीत एक खुर्ची मोकळी करून दिली, दार लोटून घेतलं आणि स्वतः बाहेर उभे राहिले. याला ना निधी लागला ना परिपत्रक. पण त्या दिवशी ते जमादार रजेवर असते तर?

कायदा या बाबतीत अगदी बारकाईनं लिहिलेला आहे. २०१२ चा पोक्सो कायदा म्हणतो की मुलाची साक्ष बंद दालनात घ्यावी, साक्ष देताना आरोपी त्याला दिसू नये, वकिलांनी प्रश्न न्यायाधीशांकडं द्यावेत आणि न्यायाधीशांनी ते मुलाला विचारावेत, मुलाला पुन्हापुन्हा कोर्टात बोलावू नये, मधे विश्रांती द्यावी, विश्वासाचं माणूस जवळ असू द्यावं. बाल कल्याण समितीनं नेमलेला सपोर्ट पर्सन तपासापासून निकालापर्यंत सोबत असतो. तो हवा की नको हे पालकांच्या मर्जीवर सोडू नका, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२३ साली बजावलं. २०१७ साली महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका खटल्यात त्या न्यायालयानं नाजूक साक्षीदारांसाठी वेगळी साक्ष केंद्रं उभारायला सांगितली होती. त्या खटल्यातल्या पीडितेला ऐकू-बोलता येत नव्हतं. २०२२ साली तर प्रत्येक जिल्हा न्यायालयात असं एक तरी कायमचं केंद्र असावं, असा आदेश झाला. मुलांबरोबर अत्याचारग्रस्त स्त्रिया, अपंग आणि धमकीच्या छायेत असलेले साक्षीदारही त्यात धरले. डिसेंबर २०१८ मध्ये मान्य झालेल्या साक्षीदार संरक्षण योजनेत साक्षीदार आणि आरोपी समोरासमोर येऊ नयेत अशी तरतूद आहे. म्हणजे दालनाच्या आतलं सगळं ठरलेलं आहे. व्हरांड्यातली ती दोन बाकडी कुणाच्या यादीत नाहीत, आणि मुलीचा सगळ्यात लांब वेळ त्याच बाकड्यावर जातो.

साक्षीच्या आधी शिपायाला विचारून, साहेब येण्यापूर्वी, मी त्या मुलीला रिकामं दालन दाखवलं होतं. मोठ्या माणसांनाही दाखवते. इथं साहेब बसतात, इथं टाइप करणारे, इथं तू उभी राहशील, इथं पडदा असेल. तिनं एवढंच विचारलं, "पाणी मागितलं तर चालतं का?" चालतं म्हटलं. मग विचारलं, "एखादं आठवलं नाही तर?" आठवत नाही म्हणून सांगायचं, म्हटलं. प्रश्न कळला नाही तर परत विचारा म्हणायचं. उत्तर साहेबांकडं बघून द्यायचं. यापुढं मी एक शब्द बोलत नाही, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं. काय घडलं हे साक्षीदाराला विचारायचं नाही, त्यानं सांगायला सुरुवात केली तर थांबवायचं. कारण उलटतपासणीत पहिला बाण ठरलेला असतो: "तुम्हाला हे कुणी पढवलं?" आपल्याकडं साक्षीदाराजवळ बसायला लोक कचरतात ते याच आरोपाच्या भीतीनं. वकील कचरतात, पोलीस कचरतात, शाळेतल्या बाई कचरतात. पण खोली दाखवणं वेगळं आणि उत्तर शिकवणं वेगळं. इंग्लंडमध्ये साक्षीदारांसाठी स्वतंत्र सेवा आहे. तिथले स्वयंसेवक साक्षीच्या आधी माणसाला कोर्ट फिरवून दाखवतात, वेगळ्या खोलीत बसवतात, सोबत थांबतात, आणि खटल्यातल्या पुराव्याबद्दल बोलत नाहीत. त्यामुळं तिथल्या न्यायाला बाधा आल्याचं कुणी म्हणत नाही. आपल्याकडं पीएलव्हीला हे काम नेमून देता येईल. आम्ही आहोतच तिथं.

आमच्या जिल्ह्यात या सगळ्यावर आणखी एक गोष्ट बसते, ती म्हणजे ऊसतोड. दसरा-दिवाळी झाली की तांडे आणि वस्त्या ओस पडतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, मुकादमाकडून उचल घेतलेली, फड कधी सांगलीकडं, कधी कर्नाटकात. जानेवारीत तारीख पडली तर समन्स घराच्या कुलपापर्यंत जातं आणि 'ऊसतोडीस गेले' असा शेरा मारून परत येतं. निरोप पोचलाच तर येण्याजाण्यात दोन दिवस मोडतात, मुकादम खाडा धरतो, आणि इथं येऊन कळतं की साहेब रजेवर आहेत. पुढच्या वेळी तो माणूस येत नाही. मग वॉरंट निघतं, आणि पाडव्याला गावी परतल्यावर जमादार दारात. गुन्हा बघितल्याची ही शिक्षा आहे, असंच त्या माणसाला वाटतं, आणि त्याचं काय चुकलं?

आपल्या भागाला कोर्ट लांब असण्याची सवय जुनी आहे. १९५६ पर्यंत आपलं वरिष्ठ न्यायालय हैदराबादला, आणि निजामाच्या काळात कारभार उर्दूत. अजूनही कुणाकुणाच्या ट्रंकेत इनामाचे ते कागद निघतात आणि वाचायला माणूस शोधावा लागतो. १९५६ नंतर अपिलासाठी मुंबई. औरंगाबादला खंडपीठ बसलं ते २७ ऑगस्ट १९८१ रोजी, वकिलांच्या आणि जनतेच्या कितीतरी वर्षांच्या मागणीनंतर. तेव्हा लोकांनी आनंद साजरा केला तो अंतर कमी झालं म्हणून. आज ऊसतोड मजुराचं अंतर कमी करायला नवं खंडपीठ लागत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेनं, म्हणजे फौजदारी खटले कसे चालवायचे ते सांगणाऱ्या नव्या कायद्यानं, साक्ष दृक्‌श्राव्य माध्यमातून घ्यायला वाट करून दिली आहे. फडाजवळच्या तालुक्याच्या कोर्टात जाऊन इथल्या न्यायाधीशांसमोर पडद्यावर साक्ष द्यायची, एवढंच करायचं आहे. आणि ते जमलं नाही तरी किमान या लोकांच्या तारखा पाडव्यानंतरच्या द्याव्यात. समन्सच्या मागं गावच्या पोलीस पाटलाकडून मुकादमाचा नंबर लिहून घेतला तरी बरंच काम होईल.

१५ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं देशातल्या सगळ्या कोर्टांच्या आवारात स्त्री, पुरुष, अपंग आणि तृतीयपंथी यांच्यासाठी वेगळी स्वच्छतागृहं असलीच पाहिजेत, असा निकाल दिला. मी तो टेबलावर बसलेल्या बायकांना मोठ्यानं वाचून दाखवला. एक जण म्हणाली, "एवढ्या मोठ्या साहेबाला बी कळलं म्हणायचं." त्या दिवशी मला फार बरं वाटलं. कारण पाण्याची टाकी, संडास, बाळाला पाजायला आडोसा, बोर्ड वाचून दाखवणारं माणूस यांना अजून कुणी न्यायाचा भाग समजत नाही, आणि माझ्या टेबलावरून बघितलं तर न्याय तिथंच सुरू होतो.

आमच्या समितीच्या बैठकीत मी दोन गोष्टी लेखी दिल्या आहेत. पीएलव्हीचं टेबल सकाळी साडेदहा ते बारा फाटकाशी लावावं. आणि साक्षीदारांची बाकडी इमारतीच्या दुसऱ्या अंगाला न्यावीत. टेबल हलवायला मंजुरी मिळाली आहे. बाकड्यांचा विषय पुढच्या बैठकीत येईल.

तोवर, तुमच्या गावातलं, नात्यातलं कुणी कोर्टात निघालं असेल तर एवढं करा. समन्स मोठ्यानं वाचून दाखवा आणि आरोपी म्हणून बोलावलंय की साक्षीदार म्हणून, हे आधी सांगा. वकील नसेल तर १५१०० या नंबरवर फोन लावा, हा विधी सेवेचा देशभरचा नंबर आहे, किंवा सरळ तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती कुठं बसते ते विचारा. जाताना आधार कार्ड, समन्स आणि तिकीट जपायला सांगा. घरातला छळ असेल तर संरक्षण अधिकाऱ्याकडं जाता येतं, आणि बलात्काराच्या किंवा अ‍ॅसिड हल्ल्याच्या प्रकरणात मनोधैर्य योजनेचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं करता येतो. धमकी आली असेल तर ती तोंडी सांगून सोडून देऊ नका, सरकारी वकिलांमार्फत संरक्षणाचा अर्ज लावा. साक्ष टाइप झाली की ती वाचून दाखवायची असते. वाचून दाखवल्याशिवाय सही-अंगठा करू नका, आणि आपण बोललो त्यापेक्षा वेगळं काही लिहिलं गेलं असेल तर तिथंच, साहेबांसमोर सांगा. आणि जमलंच तर एक दिवस मोडून सोबत जा. आत बोलायला नको, बाहेर बाकड्यावर शेजारी बसलात तरी चालेल.